घासून काढलेला नंबर

लोणी काळभोरहून खडकीपर्यंत चैताली मॅडमनी ते यंत्र मांडीवर धरूनच आणलं होतं. आधी बस, मग रिक्षा. अभय ओव्हाळांच्या दारात उतरल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात अवघडून गेले होते.

"ओव्हाळ सर आपणच ना? यंत्राच्या मागे पत्ता होता, म्हणून सरळ आले. लँडलाइनचा नंबर कधीच बंद झालाय."

अभयने यंत्र टेबलावर ठेवून घेतलं. राखाडी पत्र्याची पेटी, पुढे बारा हेडफोनची बारा भोकं, आणि डाव्या कोपऱ्यात पितळी पट्टीवर कोरलेलं एकच नाव, 'पूर्वा'. एकवीस वर्षांनी तो ते नाव पुन्हा वाचत होता. त्याने पट्टीवर अंगठा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

चैताली मॅडम कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. बाई माइकमध्ये बोलल्या की समोर बसलेल्या बारा पोरांच्या कानात आवाज मोठा होऊन जायचा, असं ते यंत्र होतं. "आता बऱ्याच मुलांना स्वतःची कानाची मशीन्स मिळालीत," त्या म्हणाल्या, "पण लहान गटातल्या आठ जणांना अजून नाहीत. त्यांचं सगळं यावरच. मागच्या महिन्यात लाइट जाऊन एकदम जोरात आली आणि हे बंद पडलं. हडपसरला एकाने उघडून बघितलं. म्हणाला, पॉवर सप्लायमधला आयसी गेलाय, पण त्याच्यावरचा नंबरच कुणीतरी घासून टाकलाय. कुठला आयसी ते कळल्याशिवाय बदलू काय?"

"नंबर घासलाय?" अभयने विचारलं. "मी कधी कुठल्या आयसीचा नंबर घासलेला नाही."

"मग दुसऱ्या कुणी घासला असेल," चैताली मॅडम म्हणाल्या.

दुसरं कोण, हे अभयला माहीत होतं. ही यंत्रं दोनच माणसांनी बनवली होती. एक तो स्वतः, दुसरा श्याम घुले. आणि श्याम तीन वर्षांपूर्वी गेला होता.

औंधच्या आयटीआयमध्ये दोघे एका बाकावर होते. अभय खडकीचा, त्याचे वडील धोंडिबा दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. श्याम मांजरीच्या शेतकऱ्याघरचा. अभयचं डोकं कागदावर चालायचं आणि श्यामचं बोटांत. आयटीआय झाल्यावर खडकी बाजारातल्या एका बोळात दोघांनी दोन खोल्यांचं वर्कशॉप टाकलं. सर्किट अभयने काढायचं, ट्रान्सफॉर्मर श्यामने गुंडाळायचे. तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे शेकडो वेढे श्याम गप्पा मारत घालायचा आणि मोजणीत चुकायचा नाही. जेवायची वेळ झाली की तो सरळ अभयच्या घरी जायचा आणि अभयच्या बायकोला, कांताला, हाक मारायचा, "वहिनी, अभ्याचं ताट मला वाढा, तो काही एवढ्यात उठत नाही."

अभय आणि कांताची मुलगी पूर्वा. तिला ऐकू येत नाही हे ती अडीच वर्षांची झाल्यावर कळलं. चार वर्षांची झाली तशी ती शाळेत जायला लागली. तिच्या वर्गात असं एक जुनं यंत्र होतं, त्यातून आवाजापेक्षा खरखरच जास्त यायची. अभयने ठरवलं की आपण चांगलं बनवायचं. खेड्यातल्या कमी-जास्त विजेवरही चालेल असं. ॲम्प्लिफायर जमला. पॉवर सप्लायचं सर्किट तेवढं राहिलं होतं, आणि तेव्हाच पूर्वाला ताप आला. ताप मेंदूत गेला. अठरा दिवस ती दवाखान्यात होती. त्या अठरा दिवसांत अभय आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहायचा, आणि रिकामं बसलं तर वेड लागेल म्हणून वहीत सर्किट काढत राहायचा. एकोणिसाव्या दिवशी पूर्वा गेली. सात वर्षांची होती.

पुढल्या दोन महिन्यांत अभयने अकरा यंत्रं पुरी केली. कुणाशी बोलला नाही, नीट जेवला नाही, पण यंत्रं पुरी केली. पुणे जिल्ह्यातल्या अकरा शाळांत ती गेली. प्रत्येकावर पोरीचं नाव.

महिन्याभरात तक्रारी यायला लागल्या. यंत्र टकटक करतं. लावलं की सुरू होतं, बंद होतं, पुन्हा सुरू होतं. पोरांच्या कानात आवाजाऐवजी हातोडी बसल्यासारखं टक, टक, टक. पोरं हेडफोन काढून फेकतात, रडतात. खडकीच्या टेबलावर मात्र तेच यंत्र व्यवस्थित चालायचं. अभयने सर्किट शंभर वेळा मनात तपासलं. त्यात त्याला चूक दिसेना. त्याच्या पोरीच्या नावाच्या यंत्रात चूक असूच शकत नव्हती. मग राहिलं काय? वाइंडिंग, म्हणजे श्यामने घातलेले वेढे.

हे बोलणं झालं ते गेनबाच्या दुकानासमोर. गेनबा बाजारात तांब्याची तार विकायचा आणि आजूबाजूच्या कारखान्यांची वाइंडिंगची कामं कारागिरांना वाटून द्यायचा. दुपारची वेळ, दुकानात आठ-नऊ माणसं उभी होती. श्याम तारेचं रीळ घ्यायला आला होता.

"वेढे मोजता येत नसतील तर तसं सांग!" अभय रस्त्यातून ओरडला. "माझ्या पोरीच्या नावाचं यंत्र आहे ते. लहान पोरांच्या कानाला लागतंय. तुझ्या हाताने वाट लावली त्याची!"

श्यामने रीळ काउंटरवर परत ठेवलं. मग एवढंच म्हणाला, "मी बघतो."

आणि त्याने बघितलं. महिनाभर तो अकराही गावांना हिंडला. यंत्रं उघडली, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळले, जागेवर बसवले. टकटक थांबली. एकाही शाळेतून पुन्हा तक्रार आली नाही. अभयच्या दृष्टीने हा कबुलीजबाबच होता. वाइंडिंग बदललं आणि यंत्र सुधारलं, म्हणजे वाइंडिंगच वाईट होतं. त्याने ते जो भेटेल त्याला सांगितलं. श्यामने एक दिवस वर्कशॉपची किल्ली आणून कांताच्या हातात दिली आणि तो मांजरीला निघून गेला. गेनबाने त्याला काम देणं थांबवलं. गेनबा देत नाही म्हटल्यावर बाजारात दुसरं कुणीही देईना.

त्यानंतर एकदाच, खडकी स्टेशनवर, श्याम समोरून आला होता. हात वर करून काहीतरी म्हणायला लागला होता. अभय जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेला. आणि तीन वर्षांपूर्वी श्याम गेल्याचा फोन आला. कांता म्हणाली, "जाऊन या." अभय म्हणाला, "बघतो." गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेटी उघडली. वीस वर्षांची धूळ होती, पण आतलं काम अजून नीट होतं. पॉवर सप्लायच्या बोर्डावर आठ पायांचा तो आयसी सापडला. पाठ मधोमध तडकलेली, आणि नंबर खरंच नव्हता. भिंग लावून, दिवा तिरका धरून बघितलं. कुणीतरी पॉलिश पेपरने सावकाश, कडेपर्यंत घासलं होतं. एक आकडासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता.

"दुय्यम माल टाकला असणार," अभय पुटपुटला. "म्हणून नंबर लपवला."

आयसी कुठला याची त्याला शंका नव्हती. सर्किट त्याचंच होतं. त्यात त्रेचाळीस नंबरचा आयसी होता. पूर्ण नंबर अडतीसशे त्रेचाळीस, पण बाजारात शेवटचे दोनच आकडे बोलतात. तसे दोन-चार त्याच्या डबीत पडलेले होते. त्याने जळालेला आयसी काढला, त्याच्याबरोबर शॉर्ट झालेला मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा भाग, बदलला, जवळचा एक काळा पडलेला रेझिस्टर बदलला. नवा त्रेचाळीस बसवला. आता डोळे साथ देत नव्हते, प्रत्येक टाक्याला भिंग घ्यावं लागत होतं, दुपार झाली. मग नेहमीप्रमाणे मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडून, म्हणजे काही चुकलंच तर बल्ब पेटेल, बोर्ड जळणार नाही, अशा बेताने त्याने बटण दाबलं.

टक. टक. टक.

एकवीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज. बल्ब काढून सरळ लाइनवर लावलं तर यंत्र मुकाट्याने सुरू झालं. वीज कमी-जास्त करायचा व्हेरिॲक जोडून एकशेसाठ व्होल्टवर आणलं, की पुन्हा टक टक टक. लोणीला शाळेच्या वेळात शेतीचे पंप सुरू असले की वीज एकशेसाठच्या वर नसते, असं चैताली मॅडम सांगून गेल्या होत्या.

"श्यामचं वाइंडिंग," तो मोठ्याने म्हणाला. पण म्हणतानाच त्याला काहीतरी खटकलं. हेच वाइंडिंग वीस वर्षं याच शाळेत, याच विजेवर टकटक न करता चाललं होतं.

त्याने मीटर लावला. ट्रान्सफॉर्मरवर एक छोटं वाइंडिंग असतं, ते आयसीलाच वीज पुरवतं. त्याच्या सर्किटप्रमाणे तिथे साडेनऊ व्होल्ट यायला हवे होते. मीटर तेरा दाखवत होता. त्याने यंत्र बंद केलं, ट्रान्सफॉर्मरवरची पिवळी टेप हलक्या हाताने सोडवली आणि सुईच्या टोकाने वेढे मोजले. त्याने सांगितले होते आठ. इथे अकरा होते. पुन्हा मोजले. अकराच. एकाला एक चिकटून, ओळीत, शेवटचं टोक दुमडून बांधलेलं. चुकून एखादा वेढा कमी-जास्त होतो. चुकून तीन वेढे वाढत नाहीत, आणि वाढले तरी त्यांच्यावर इतकी नेटकी टेप लागत नाही. हे मुद्दाम केलेलं होतं.

पण कशासाठी? त्रेचाळीसला तेरा व्होल्टची काही गरजच नव्हती. त्याला साडेआठ मिळाले की तो सुरू होतो आणि साडेसातच्या खाली गेला की बंद पडतो. अवघ्या एका व्होल्टाचं अंतर. दम कमी असलेल्या माणसासारखा. वीज चांगली असली तर निभावतो. वीज कमी असली तर सुरू होता होताच धाप लागून बसतो, पुन्हा उठतो, पुन्हा बसतो...

अभयने हातातली सुई खाली ठेवली.

त्याच जातीचा दुसरा आयसी आहे, बेचाळीस. पाय तेच, जागा तीच, दिसायला सख्खा भाऊ. पण तो आधी सोळा व्होल्ट साठवतो, मग उठतो, आणि दहापर्यंत दम सोडत नाही. फक्त त्याला पुढे चालत राहायला दहाच्या वर वीज लागते. साडेनऊ पुरत नाहीत. तेरा पुरतात.

त्याने डबी पालथी केली. बेचाळीस सापडायला वेळ लागला. त्रेचाळीस काढून तो बसवला. एकशेसाठवर बटण दाबलं. एक बारीक आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. एकशेपन्नासला आणलं, तरी स्थिर. अभयने हेडफोन कानाला लावला. टकटक नाही, खरखर नाही. आत नुसती शांतता, चांगल्या यंत्रात असते तशी.

त्याने कपाटावरची जुनी पत्र्याची पेटी काढली. पूर्वाच्या वस्तूंबरोबर ती वही त्यात होती. ती उघडायची हिंमत त्याला आजपर्यंत झाली नव्हती. सर्किटचं पान सापडलं. मध्यभागी त्याच्याच अक्षरात, दोनदा गिरवून, गोल करून लिहिलेलं होतं, ३८४३. आणि समासात पेन्सिलीने: सकाळी ११ – १०२. दुपारी २ – १०३.४. दुपारी ४ – १०४, बर्फ.

कांता चहा घेऊन आली तेव्हा तो त्या पानावर हात ठेवून बसला होता.

"माझं चुकलं होतं, कांता," तो म्हणाला. "आयसी मी चुकीचा घेतला होता. श्यामला ते कळलं होतं. त्याने अकराही यंत्रांतला आयसी बदलला, त्यासाठी ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळले, आणि मला कळू नये म्हणून नंबर घासून टाकले."

कांताने समासातले आकडे बघितले. मग कप खाली ठेवून ती समोर बसली.

"मग त्याने सांगितलं का नाही मला?" अभयचा आवाज चढला. "एक शब्द बोलायचा ना!"

"तुम्हाला तेव्हा काही सांगायची सोय होती का?" कांता शांतपणे म्हणाली. "मीसुद्धा किती गोष्टी नाही सांगितल्या." ती कुठल्या गोष्टी ते बोलली नाही, आणि अभयने विचारलंही नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मांजरीला जाऊन या. आता तरी."

सोमवारी तो यंत्र घेऊन लोणीला गेला. चैताली मॅडमनी लहान गटाला बसवलं, आठ जणांच्या कानांवर हेडफोन चढवले. मॅडम माइकमध्ये हळूच म्हणाल्या, "मोर." पुढच्या बाकावरच्या एका मुलीचे डोळे एकदम मोठे झाले. तिने दोन्ही हात हेडफोनवर दाबून धरले, जणू आवाज निसटून जाईल. अभयला तिच्याकडे बघवेना. तो उठून व्हरांड्यात गेला.

निघताना चैताली मॅडम म्हणाल्या, "सर, तो नंबर लिहून ठेवाल का कुठेतरी? पुढे पुन्हा बिघडलं तर आम्ही परत अडायला नको." त्याने मार्कर मागून घेतला आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं: आयसी ३८४२. दुरुस्ती श्याम घुले, मांजरी, सन २००३. अभय ओव्हाळ यांच्या सर्किटातील चूक सुधारून.

मॅडमनी ते वाचलं. मग झाकण लावून घेतलं.

मांजरीला श्यामचं घर शोधायला फार फिरावं लागलं. जिथे ऊस असायचा तिथे आता बारा मजली इमारती होत्या. त्यांच्या मागे तीन जुनी घरं राहिली होती. मधल्या घराच्या पडवीत श्यामची बायको शकू बसली होती. पुढ्यात पंपाची मोटर उघडी, हातात तांब्याची तार. तिने मान वर केली. ओळखायला वेळ लागला नाही.

"या," ती म्हणाली. "आज वाट चुकलात काय भाऊजी?"

अभय पडवीच्या कडेवर बसला. येताना बसमध्ये त्याने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं विसरून तो म्हणाला, "वहिनी, लोणीचं यंत्र माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. उघडलं मी."

शकूचे हात थांबले.

"कळलं म्हणायचं मग," ती म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक नसंल तर कुणाला? घासलेत कुणी ते नंबर? मीच. हितंच बसून. अकरा आयसी, बोटाची सालं निघाली माझ्या. मी म्हणलं, अवं, कशाला घासायचं? तर म्हणाले, अभ्यानं कधी उघडून बघितलं तर दिसायला नको."

"पण का? मला सांगितलं असतं तर..."

"मी बी तेच म्हणलं. भांडले मी. म्हणलं, तुमची काय चूक नसताना चारचौघांत तोंड काळं करून घेता! तर म्हणाले..." शकू थांबली. तिने तार दाताने तोडली आणि टोक बाजूला टाकलं. "म्हणाले, शके, त्यानं ते कागद मरत्या पोरीच्या उशाशी बसून काढलेत. ते चुकलेत असं मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू? जरा दिवस जाऊ दे. वर्षाभरानं सांगीन. आम्ही दोघं हसू त्याच्यावर."

अभयने ते तारेचं टोक उचललं.

"वर्षाभरानं गेले होते खडकीला, सांगायला," ती म्हणाली. "टेशनावर गाठ पडली म्हणाले. पण तुम्ही जिना चढून गेलात."

"हो."

"मग नाही गेले परत. त्यांना बी राग होताच की. माणूसच होते. पण तुमचं वाईट बोलू द्यायचे न्हाईत घरात." तिने पदराने हात पुसले. "मला मात्र राग हाय भाऊजी. खोटं कशाला बोलू? ते गेले तेव्हा मी तुम्हाला फोन करायला लावला. सगळे म्हणत होते, ऊन चढतंय, उचला आता. मी तासभर थांबवलं. म्हणलं, खडकीवरनं यायला वेळ लागतो."

पलीकडच्या इमारतीत कुठेतरी ड्रिल चालू होतं. अभयला माफी मागायची होती, पण तो शब्द या एका तासापुढे इतका किरकोळ होता की तोंडातून बाहेरच येईना. त्याने फक्त हात जोडले. शकूने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "मला ठाऊकच हाय. चेतनला सांगा. पोराला ठाऊक न्हाई. त्यांनी सांगू दिलं न्हाई मला."

तिने मुलाला फोन लावला आणि अभयच्या हातात दिला. चेतन चाकणला कंपनीत होता. अभयने सगळं सांगितलं, आयसीपासून स्टेशनपर्यंत, काही न गाळता. पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

"काका," शेवटी चेतन म्हणाला, "मी दहावीला असताना बाबांना म्हणालो होतो, मला वाइंडिंग शिकवा. मला आवडायचं ते. त्यांनी तारेला हातच लावू दिला नाही. म्हणाले, या कामात आपलं नाव खराब झालंय, तू दुसरं काहीतरी बघ. मला वाटायचं, बाबांना खरंच येत नसेल नीट. मित्रांसमोर लाज वाटायची मला. म्हणजे... मला बाबांची लाज वाटायची, काका." त्याला मागून कुणीतरी हाक मारली. "आता ठेवतो. असेंब्ली लाइनवर आहे मी."

अभयने फोन परत दिला. शकूने स्क्रीन पदराला पुसली आणि फोन ब्लाउजमध्ये ठेवला. मग पुन्हा मोटर पुढे ओढली. तो निघाला तेव्हा तिने थांबा म्हटलं नाही, पुन्हा येऊ नका असंही म्हटलं नाही.

त्यानंतर अभयने एक ठरवलं. ज्यांच्यासमोर आपण श्यामचं नाव घालवलं, त्यांना एकेकाला गाठून खरं काय ते सांगायचं. कागद घेऊन तो आठवायला बसला. गेनबाच्या दुकानात त्या दुपारी कोण कोण होतं? नऊ नावं निघाली. त्यांतली पाच माणसं आता नव्हती. दोघं मुलांकडे परगावी गेलेले, त्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. एक जण बाजारात भेटला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं जुनं काय घेऊन बसलास? चहा घेणार?"

राहिला गेनबा. दुकान आता नातू चालवत होता. तार विकणं बंद होऊन मोबाइलची कव्हरं आली होती. गेनबा माडीवर असायचा. वय ऐंशीच्या पुढे. खिडकीशी खाटेवर बसून खालचा रस्ता बघत होता. त्याने अभयला ओळखलं. "धोंडिबाचा पोरगा. ये, बैस."

"गेनूमामा, श्यामबद्दल बोलायचंय. श्याम घुले."

"कोण श्याम?"

"वाइंडिंग करायचा. माझा पार्टनर. तुम्ही काम द्यायचात त्याला. मग माझ्या सांगण्यावरून थांबवलंत."

गेनबाने आठवून बघितलं. मान हलवली. असे कितीतरी कारागीर त्याच्या दुकानावर येऊन गेले होते.

मग अभयने पहिल्यापासून सांगायला घेतलं. श्याम कसा गप्पा मारत वेढे घालायचा आणि मोजणीत कसा चुकायचा नाही. पूर्वाचं आजारपण. वही. त्रेचाळीस आणि बेचाळीस. अकरा गावं. घासलेले नंबर. आणि आपण रस्त्यात उभं राहून काय बोललो ते, शब्दन् शब्द. गेनबा लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच "अरेरे" म्हणत होता, मध्येच "शाबास" म्हणत होता.

"म्हणजे त्याची काहीच चूक नव्हती," गेनबा म्हणाला.

"काहीच नाही, मामा."

"मग आपण उगाच बंद केलं म्हणायचं त्याचं काम." म्हाताऱ्याला मनापासून वाईट वाटलं होतं. तो थोडा पुढे सरकला आणि अभयच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "असा हाताचा माणूस आजकाल मिळतो कुठं? पाठव त्याला उद्या दुकानावर. सांग, गेनबानं बोलावलंय. काम देतो त्याला."

अभयने तोंड उघडलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर चूक सुधारल्याचं समाधान पसरलं होतं.

"सांगतो," अभय म्हणाला, आणि भिंतीला हात धरून एकेक पायरी जिना उतरू लागला.